दोन शंकरपाळ्यांचा ळ

चौसाळ्याच्या बसवराज आप्पांना पेंटर म्हटलेलं खपत नाही. "रंग तर डिस्टेंपरवाला बी देतो," ते म्हणतात, "आमी अक्षर काढतो." आता गावात कुणी त्यांच्याकडं अक्षर काढून घ्यायला येत नाही, ब्रश घासलेटात बुडून बुडून कडक झालेत, तरी ताठा तोच. घर लिंगायत वाण्याचं. बापाचं रस्त्याला लागून किराणा दुकान. थोरला मुलगा गल्ल्यावर बसायचं सोडून रंगाचा डबा धरतो म्हटल्यावर बापानं कपाळाला हात लावला होता. "वान्याचं पोर अन् हातात डबडं! तराजू धरायला लाज वाटती का बे?" लाज नव्हती वाटत. पण दुकानात आलेल्या साखरेच्या गोणीवरचा छापा बघण्यात या पोराचा जीव जितका रमायचा, तितका गिऱ्हाईक बघण्यात रमायचा नाही. एकदा छापा बघता बघता त्यानं एकाच बाईला दोनदा गूळ बांधून दिला, तेव्हा बापानंच हात जोडले आणि बीडला एका उस्तादाकडं बोर्ड रंगवायचं काम शिकायला धाडून दिलं.

उस्तादाचं अक्षर गोलमटोल. मिठाईच्या दुकानाला शोभेल असं. बसवराज तेच शिकून परत आला आणि पहिलीच कामं मिळाली ती ट्रॉल्यांची. माजलगावकडं ऊस नेणाऱ्या ट्रॉलीचा मागचा फाळका म्हणजे नुसता पत्रा, आणि पत्र्याला बळ म्हणून उभ्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या. त्यावर गोल अक्षर काढून दाखवावं कुणीही! 'व'चं पोट पट्टीच्या अलीकडं आणि पाठ पलीकडं. शिवाय उसाची टिपरं घासून बारीक रेघा हंगाम संपायच्या आत उडून जायच्या. मालक लोक तोंडाचे फटकळ. "मागच्या गाडीवाल्यानं नाव वाचावं म्हनून जवळ यावं, तर त्यो धडकतोय की रं," असं एकजण म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मग त्यानं उस्तादाचं सगळं शिकणं बाजूला ठेवलं. शिरोरेघ जाडजूड केली आणि तिचं टोक तिरकं तासलं. काना म्हणजे सरळ खांब. वेलांटी वळवायची नाही, मोडायची. जिथं म्हणून गोलाई येईल तिथं कोन. अक्षराच्या पोटात मोकळी जागा ठेवायची ती एवढीशीच, मागच्या गाडीचा दिवा पडला की दिसण्यापुरती. पट्टी मध्ये आली तर येऊ दे, सरळ रेघ पट्टीवर मोडत नाही. असं अक्षर जवळून बघितलं तर भांडायला उठल्यासारखं वाटायचं, आणि लांबून बघितलं की पहिल्या नजरेत वाचता यायचं. ट्रॉलीला दुसरं काय पाहिजे?

सगळी अक्षरं वळणावर आली. एक ळ काही येईना. आणि त्याच्यावाचून तर अडलेलं, कारण मालकाचं नाव काही असो, खाली गावाचं नाव ठरलेलं: चौसाळा. त्यानं ळ चौकोनी करून बघितला, तो खिडकीसारखा दिसला. अर्धा गोल ठेवून बघितला, तर पैलवानांच्या रांगेत जावईबापू उभे राहिल्यासारखं झालं. दोन ट्रॉल्या दारात उभ्या आणि हा अंगणात खडूनं ळ काढतोय आणि पायानं पुसतोय. ऐन दिवाळीचे दिवस होते. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. शिवगंगा, त्याची नवी नवरी, आत शंकरपाळे करत बसलेली. तो पाणी प्यायला आत गेला आणि पोळपाटाशी थबकला. कातणं सरसर फिरत होतं, आधी तिरक्या रेघा एकीकडून, मग तिरक्या रेघा दुसरीकडून. त्यानं दोन शंकरपाळे उचलले, शेजारी शेजारी टोकाला टोक लावून मांडले, वर बोटानं आडवी रेघ ओढली.

"काय करायलाव?" शिवगंगा म्हणाली. "खायाचे तर तळल्यावर खा. कच्च्याशी कावून खेळायलाव?"

तो पाणी न पिताच बाहेर गेला. दिवस मावळायच्या आत दोन्ही ट्रॉल्यांवर चौसाळा उमटलं, आणि ळ असा बसला की बाकीच्या अक्षरांनाच आता त्याच्यासारखं व्हावंसं वाटावं. त्यानं तेच केलं. 'व' म्हणजे अर्धा शंकरपाळा, 'क' म्हणजे खांबाच्या दोन बाजूंना अर्धा अर्धा, 'थ'ची गाठसुद्धा शंकरपाळ्याचं टोक. हे कुणाला सांगितलं मात्र नाही. उस्तादाचा शागीर्द, शंकरपाळ्यावरनं अक्षर शिकला म्हणायचं? लोक हसले असते. बायकोलाही नाही सांगितलं. का, ते त्याचं त्याला ठाऊक. पुरुषाची जात!

अक्षर चाललं. ट्रॉल्या झाल्या, धाबे झाले, पंक्चरवाले झाले, कुस्त्यांच्या फडाच्या भिंती झाल्या. आणि मग विजयसिंह दादा निवडणुकीला उभे राहिले. दादांना कुठलीच गोष्ट हळू चालत नाही, बोलणंसुद्धा नाही. "आप्पा, नाव आसं पायजे का समोरच्यानं बघितलं का दबकलं पायजे." बसवराजनं सगळ्या मतदारसंघातल्या भिंती रंगवून दिल्या. दादा निवडून आले. मग दादांची डेअरी, दादांची संस्था, दादांच्या मळ्याची कमान, सगळं त्याच अक्षरात. दर निवडणुकीला भिंती पुन्हा ताज्या व्हायच्या आणि दादा पुन्हा निवडून यायचे.

पाच-दहा वर्षांत असं झालं की लोक अक्षर वाचायच्या आधी पार्टी वाचायला लागले. दादांच्या विरोधात राधाकिशन नाना. त्यांच्या माणसानं चुकूनही या अक्षरात बोर्ड केला नाही. बीडहून गोल अक्षरवाला आणायचे. एक गडी दादांना सोडून नानांकडं गेला, तर त्यानं पहिलं काय केलं असेल? ट्रॉली रंगवून घेतली. ट्रॉली तीच, नाव तेच, फक्त अक्षर गोल. गावाला तेवढ्यानं सगळं कळलं. बसवराज आप्पा मात्र या सगळ्यात कुठंच नव्हते. "आपली ब्रशाची पार्टी," असं म्हणायचे आणि काम करायचे.

पुढं यंत्रावर छापलेली बॅनरं आली आणि ब्रशाची पार्टी बुडाली; दादांची माणसंसुद्धा भिंतीवरच्या जुन्या नावाचा फोटो काढून तोच बॅनरावर छापायला लागली. आप्पांनी आदळआपट केली नाही, दुकानाच्या ओट्यावर बसून यंत्राला शिव्या मात्र भरपूर दिल्या. मुलगी शिवांजली नेमकी त्याच यंत्रावर बीडला कामाला लागली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण पोरगी बापासारखीच, अक्षराच्या नादानं वेडी. तिनं हट्ट धरला, आप्पा, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करायचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नुसतं टाइप केलं की तुमचं अक्षर उमटलं पाहिजे. आप्पा आधी गुरगुरले, मग कागदावर एकेक अक्षर काढून द्यायला बसले. काही अक्षरं त्यांनी जन्मात काढली नव्हती. "हे 'ङ' कुनाच्या ट्रॉलीवर ऱ्हातंय?" म्हणाले. पण काढलं. पोरीनं कॉम्प्युटरवर 'चौसाळा' टाइप करून दाखवलं, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या 'ळ'वरून बोट फिरवून बघितलं. आनंद झाला होता, आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही खरं.

फॉन्टचा पहिला मान कुणाचा, यावर घरात वाद झालाच नाही. शिवगंगा गेली कित्येक वर्षं गल्लीतल्या बायांना हाताशी धरून फराळाचं करून विकत होती. शंकरपाळे, चकली, शेव. तलवाड्यापर्यंतच्या दुकानांत तिची पाकिटं जायची, पण कोरी, नावाशिवाय. "साऱ्या तालुक्याच्या ट्रॉल्यांला नावं दिली," ती म्हणायची, "अन् मह्या पाकिटावर एक अक्षर न्हाई. दिव्याखाली अंधार." टोमणा नव्हता तो, खरी खंत होती. तिचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठं छापलं गेलंच नव्हतं. तर शिवांजलीनं लेबल केलं, पिवळ्यावर लाल: 'शिवगंगा फराळ, चौसाळा'. दोन ळ. शिवगंगानं पहिलं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं, हात जोडले आणि बाकीची तलवाड्याला पाठवली.

पंधरवडा झाला असेल. तलवाड्याचा दुकानदार शहादेव याचा फोन आला, माल परत घेऊन जा. इतके दिवस ठेवून एक पाकीट हललं नव्हतं. शिवगंगाला वाटलं, तेलाचा वास लागला की काय. ती आणि आप्पा दोघंही गेले. दुकानात एक गिऱ्हाईक उभंच होतं. त्यानं पाकीट हातात घेतलं, लेबल बघितलं आणि विंचू असल्यासारखं खाली ठेवलं.

"आमी त्येंचं खात न्हाई," गिऱ्हाईक म्हणालं.

"कुनाचं?" आप्पा म्हणाले.

"दादाचं. एवढं बी कळत न्हाई व्हय आमाला? अक्षर बघा की."

"आरं, मैदा हाय, साखर हाय, तूप हाय. दादा कुठं हाय ह्याच्यात?"

गिऱ्हाईक निघून गेलं. शहादेवनं खांदे उडवले. "आप्पा, निवडनूक तोंडावर हाय. अर्धं गाव नानाचं. त्येंला वाटतंय, दादानं फराळाचा कारखाना काढलाय अन् तुमच्या नावावर चालीवलाय. मी काय करू? कोरं पाकीट व्हतं तवा लोक भांडून न्यायचे."

परतीच्या एस.टी.त शिवगंगानं परत मिळालेला माल आप्पांना धरू दिला नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घरी आल्यावर तिनं पाकिटं फळीवर रचली आणि मग म्हणाली, "मला नाव पायजे व्हतं. नावानंच घात केला."

आप्पांना हे लागलं. चांगलंच लागलं. आपल्या अक्षरानं बायकोचा धंदा बसला, हे कुणाला कसं सांगणार? त्यात दुसऱ्याच दिवशी दादांचा निरोप आला: वैनींची पाकिटं चांगली दिसतात, आपल्या प्रचारात घरोघर वाटू, लागतील तेवढी करा. आप्पा क्षणभर मोहात पडले, खोटं कशाला बोला. शिवगंगानं तिथंच तोडलं. "एकदा वाटली का मग जल्मभर दादाचीच. मी इकायला करते, वाटायला न्हाई."

शिवांजली आली, तिनं लेबल बदलून दाखवलं. कॉम्प्युटरमधलं तयार गोल अक्षर, दिसायला गोजिरवाणं. शिवगंगानं बघितलं. "चांगलं हाय. कुनाचं बी नाव टाका, शोभतंय," ती म्हणाली. "टाका हेच. धंदा तर चालंल." आणि चुलीकडं वळली. आप्पांनी तिचा चेहरा बघितला. भांडली असती तर बरं झालं असतं.

ते उठले, तिच्या फळीवरचं एक पाकीट खिशात घातलं आणि तडक राधाकिशन नानांच्या बैठकीत गेले. तिथं सगळी नानांचीच माणसं. आप्पा दारात दिसल्यावर बोलणी थांबली. दादांचा पेंटर इथं? नानांनी सावधपणे बसायला सांगितलं.

"नाना, मी अक्षर घिऊन आलोय," आप्पा म्हणाले. "तुमची बॅनरं ह्याच्यात करा. फुकट."

"ते तर दादाचं अक्षर."

"कुनी सांगितलं? दादाचं नाव लिव्हलं मी, अक्षर न्हाई दिलं. हे अक्षर मह्या बायकोचं हाय."

बैठक हसली. आप्पांनी पाकीट फोडलं, चहाच्या ट्रेवर दोन शंकरपाळे टोकाला टोक लावून मांडले आणि वर काडेपेटीची काडी आडवी ठेवली. "वाचा," म्हणाले. सगळे पुढं वाकले. ळ होता. शेजारी बसलेल्या एकाला म्हणाले, अर्धा मोड, खांबाला लाव, 'व' झाला. मग दिवाळी, पोळपाट, कातणं, दारात उभ्या दोन ट्रॉल्या, जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांनी परक्या बैठकीत सांगून टाकलं. कान तापले होते, आवाज चढला होता. नानांनी 'ळ'मधला एक शंकरपाळा उचलून तोंडात टाकला. "ग्वाड हाय," म्हणाले, आणि विचारात पडले.

आता ही आपल्याकडची अक्कल बघा. नानांना काही आप्पांच्या संसाराची कणव आली नव्हती. त्यांचा एक जुना माणूस, धर्मराज, कानाशी लागला: "नाना, हे अक्षर भिंतीवर आलं तवापस्नं दादा पडला न्हाई. यश अक्षरात हाय. सोडू नका." झालं! बैठकीला पटलं. रस्ते, पाणी, जातगोत, सगळं बाजूला, दादा निवडून येतात ते 'ळ'मुळं! त्या आठवड्यात नानांची सगळी बॅनरं त्याच अक्षरात चौकात लागली, दादांच्या बॅनरांना खेटून.

मग जी गंमत झाली ती झाली. लांबून दोन्ही सारखीच. दादांचे कट्टर कार्यकर्ते भरून आलेली एक जीप लांबूनच अक्षर बघून नानांच्या सभेत शिरली, चहा-भजी खाल्ली आणि भाषण सुरू झाल्यावर उठून पळाली. दादा तापले. आप्पांना बोलावून म्हणाले, "महं अक्षर त्येंला दिलं कावून?"

"दादा, तुमचं नाव हाय तिथंच हाय," आप्पा म्हणाले. "कुनी पुसलं न्हाई."

दादांनी हळू आवाजात चहा मागवला, आणि दादांचा हळू आवाज आप्पांनी पहिल्यांदाच ऐकला. निवडून कोण आलं ते इथं सांगत बसत नाही, ज्यांना रस आहे त्यांना पाठ आहे. बॅनरं उतरली. अक्षर कुणाचं, यावर भांडायला कुणाला आता जोर राहिला नाही. शिवगंगाची पाकिटं, आप्पांच्याच अक्षरातल्या लेबलाची, पुन्हा तलवाड्याला गेली. गेली खरी, पण खपतात की परत येतात, ते कळेपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही.

आठवड्यानं आप्पा एकटेच शहादेवच्या दुकानात गेले आणि बाकावर बसले. फळीकडं बघायचा धीर होईना. तेवढ्यात बायनाबाई आली, डोक्यावरचं ओझं खाली टाकून. तलवाड्याचीच म्हातारी, अक्षरशत्रू, अंगठेबहाद्दर. "शादेवा, ती दोन शंकरपाळ्यांची पुडी दे," म्हणाली.

"दोन न्हाई आजी, पाकीट भरून ऱ्हात्यात," शहादेव म्हणाला.

"मला ठावं हाय रं. ती वर दोन काढल्यात बग, ती. लेकरं तीच मागत्यात." तिनं बोट ठेवलं ते 'ळ'वर.

त्याच वेळी रस्त्यावरून उसाची एक जुनी ट्रॉली गेली. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, पण फाळक्यावर 'चौसाळा' अजून दिसत होतं. बायनाबाई तिच्याकडं बघत राहिली. "आगं बया," ती म्हणाली, "ह्या ट्रॉलीत बी शंकरपाळेच हायत व्हय?"

शहादेव खो खो हसला. आप्पा हसले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी उपरण्यानं पुसलं. उभ्या तालुक्यानं त्या अक्षरात पार्टी वाचली, आणि जे होतं ते वाचलं या अंगठेवाल्या बाईनं.

"व्हय आजी," ते म्हणाले, "शंकरपाळेच हायत."

फळीवर तीनच पाकिटं उरली होती. घरी येऊन आप्पांनी हे सगळं शिवगंगाला सांगितलं, ट्रॉलीसकट. ती पोळपाटाशी बसली होती. कातणं थांबलं नाही.

"नानाच्या बैठकीत सांगितलं," ती म्हणाली. "तलवाड्याच्या म्हातारीला सांगितलं. मला सांगायचं तेवढं ऱ्हायलंय."

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं त्या दिवशीच झालं. तुमी गेल्यावर पोळपाटावर रेघ व्हती. तुमी कवा म्हनता, ते बघायलेय मी."

आप्पा खाली बसले. "तुझंच हाय ते अक्षर, शिवगंगा," म्हणाले. मग त्यांनी दोन शंकरपाळे उचलले आणि टोकाला टोक लावायला गेले.

"ठिवा खाली," ती म्हणाली. "तळल्यावर खा."

पण तिनंच बोटानं वर रेघ ओढली.